मेडिकल प्रवेश आणि पोलीस पडताळणी : फॉर्मवर खरे तेच लिहा



नीटचा निकाल लागला की आपल्या सांबऱ्यात आणि आसपासच्या गावांत दोन-चार घरांत तरी धावपळ सुरू होते. मार्क किती, सीट कुठे मिळेल, फी किती, याच गोष्टी सगळे बोलतात. गेल्या वर्षी मात्र एक ओळखीचे गृहस्थ वेगळीच काळजी घेऊन घरी आले. "काका, पोराचं नाव मोर्चाच्या केसमध्ये आहे. त्याला मेडिकलला बाहेरदेशी पाठवायचंय. फॉर्मवर विचारलंय, पोलीस केस आहे का म्हणून. 'नाही' लिहून टाकू का?"

मी आयुष्यभर बँकेत लोकांचे फॉर्म तपासले. कोऱ्या रकान्यापेक्षा खोटा रकाना जास्त महागात पडतो, एवढे मला पक्के ठाऊक होते. बाकीची माहिती वकील मित्राला विचारून आणि नियम वाचून मिळवली. ती सर्वांच्या उपयोगाची आहे म्हणून इथे देत आहे.

आपल्या देशात काय विचारतात?

पोलीस व्हेरिफिकेशन हा शब्द आपल्याला नवा नाही. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या दाराशी आहे. गावातला मुलगा सैन्यात लागला की मारीहाळ ठाण्यातून चौकशी होते. बँकेत लागताना मीही असा फॉर्म भरला होता. एमबीबीएसला मात्र अशी सरसकट पोलीस चौकशी आपल्याकडे होत नाही. बेळगावात जेएनएमसी किंवा बिम्सला प्रवेश घ्या, किंवा ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठी राखलेल्या जागेवर महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात जा, भर असतो तो मार्क, रहिवास, जात, भाषा यांच्या दाखल्यांवर.

तरीही वर्तनाविषयी दोन कागद लागतात. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील मेडिकल कॉलेजात अमन कचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मारहाण होऊन मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. रॅगिंगच्या कारणावरून आपल्याला पूर्वी कोणत्याही संस्थेने काढून टाकलेले नाही, असे विद्यार्थ्याने त्यात लिहून द्यायचे असते. शाळेच्या दाखल्यात मुलाच्या वागणुकीचा उल्लेख असावा, असेही त्या नियमांत आहे. म्हणून ते प्रतिज्ञापत्र न वाचता सही करू नका. रॅगिंग सिद्ध झाले तर कॉलेजमधून काढले जाऊ शकते आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला जातो.

परदेशात इतकी चौकशी का?

अमेरिकेत बहुतेक मेडिकल कॉलेजे प्रवेश पक्का करण्यापूर्वी विद्यार्थ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात. ब्रिटनमध्येही मेडिकलच्या विद्यार्थ्याची अशी तपासणी होते. कारण सरळ आहे. आजारी माणूस, लहान मूल, म्हातारे आईवडील डॉक्टरच्या हाती निर्धास्तपणे दिले जातात. मायकेल स्वँगो नावाच्या अमेरिकन डॉक्टरला सहकाऱ्यांना विष दिल्याबद्दल १९८५ मध्ये शिक्षा झाली होती. तुरुंगातून सुटल्यावर त्याने त्या शिक्षेविषयी खोटी माहिती आणि खोटे कागद देऊन पुन्हा इस्पितळांत नोकरी मिळवली. पुढे २००० साली त्याने तीन रुग्णांच्या खुनाची कबुली दिली. कागद वेळीच नीट तपासले असते तर काही जीव वाचले असते.

आपल्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी बऱ्याचदा पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी मागतात. ते पासपोर्ट खात्याकडून मिळते. अर्ज ऑनलाइन करायचा, फी ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रांतूनही ही सोय झाली आहे. मुलगा गेल्या काही वर्षांत दुसऱ्या गावी राहिला असेल तर तिथल्या पोलिसांचाही अहवाल लागू शकतो, म्हणून अर्ज लवकर करा.

केस असेल तर?

आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. सीमाप्रश्नाचे मोर्चे, एक नोव्हेंबरचा काळा दिवस, यांत तरुण मुलांची नावे गुन्ह्यात येतात.

पहिली गोष्ट, प्रश्न नीट वाचा. 'अटक झाली होती का', 'खटला चालू आहे का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एफआयआरमध्ये नाव येणे म्हणजे शिक्षा नव्हे. जे विचारले त्याचेच उत्तर द्या, पण खरे द्या.

दुसरी गोष्ट, मूल १८ वर्षांखालचे असताना काही घडले असेल तर बाल न्याय कायदा २०१५ त्याच्या पाठीशी आहे. अशा निकालात निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, असे त्यात म्हटले आहे. सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांची गोष्ट वेगळी, तिथे वकिलाला विचारावे.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नोकरीच्या पडताळणी फॉर्मविषयी निकाल दिला. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, असे त्यात बजावले आहे. त्याचबरोबर तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण असेल तर ते सोडून देता येईल, असेही म्हटले आहे. निकाल नोकरीचा असला तरी त्यातला धडा आपल्याला उपयोगी आहे : छोटी केस बहुधा निभावते, लपवलेली केस अंगाशी येते.

खटला कोर्टात चालू असेल तर पासपोर्टसाठीही त्या कोर्टाची परवानगी लागते. म्हणून आधी वकिलाकडे जाऊन केस कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहा. निकाल लागला असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढून फाइलमध्ये ठेवा.

त्या गृहस्थांनी शेवटी 'होय' लिहिले, खाली चार ओळींत खुलासा केला आणि सोबत कोर्टाचे कागद जोडले. सही करताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. पण मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुढच्या पाच वर्षांत मला कुणाला घाबरायचं कारण नाही."

आपल्या घरात यंदा कोणी मेडिकलला जात असेल तर फॉर्म पाठवण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून तो एकदा वाचावा. काही अडले तर मंडळात मला अवश्य भेटा. फॉर्म वाचून द्यायला मला आनंदच होईल.