भाकरीचा वाटेकरी

श्रोतेहो, दिवस मावळतो, गुरे गोठ्यात येतात, चुलीवर तवा चढतो, आणि आपल्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत एक गोष्ट न बोलता घडते. सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक लहानशी चानकी थापली जाते. ती घरातल्या कोणाच्याच ताटात पडत नाही. ती असते उंबऱ्याबाहेर बसलेल्या वाटेकऱ्याची. तो काही मागत नाही. पुढचे पाय ताणून, डोळे दाराकडे लावून नुसता बसलेला असतो. चानकी मिळाली की अंगणाच्या कडेला नेऊन खातो, आणि मग रात्रभर त्या घराची राखण करतो. या व्यवहाराचा कुठे कागद नाही की साक्षीदार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या तो चालत आला आहे.

आज या वाटेकऱ्याविषयी, म्हणजे आपल्या कुत्र्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्याने आपल्याला काय दिले, आपण त्याला काय दिले, आणि आपल्याकडून काय द्यायचे राहिले आहे, असा हा हिशेब आहे.

पहिला प्रश्न असा, की हा करार किती जुना? तर शेतीपेक्षाही जुना. गाय, बैल, शेळी यांतले एकही जनावर माणसाच्या दावणीला नव्हते, तेव्हा कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ आलेला होता. कुत्र्याचे पूर्वज म्हणजे लांडगे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाच्या ठिकाणी १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक फार जुने दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासले. ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते, आणि मरण्यापूर्वी काही आठवडे ते मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले असावे, असे त्या दातांवरच्या खुणांवरून दिसले. कोणी ऊब दिली नसती, पाणी पाजले नसते, तर ते तितके दिवस जगलेच नसते. आता विचार करा, आजारी पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचे, ना राखणीच्या. तरीही त्या माणसांनी त्याची शुश्रूषा केली. म्हणजे हा संबंध नुसता कामापुरता नव्हता. त्यात माया होती.

आपल्याकडचा धनगर पाहा. मेंढरांचा कळप घेऊन तो रानोमाळ हिंडतो. रात्री उघड्या माळावर मेंढरे बसवतो आणि कुत्र्याच्या भरवशावर डोळा मिटतो. लांडग्याचाच भाऊबंद, पण तो लांडग्यापासून मेंढरे राखतो! वास आला की आधी कान टवकारतो, मग गुरगुरतो, आणि मग असा भुंकतो की धनगराला न उठता कळते, आलेला वाटसरू आहे की जनावर. ही भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. एकमेकांच्या सहवासात दोघेही ती शिकतात.

या मायेचा शास्त्रानेही शोध घेतला आहे. आई तान्ह्या बाळाकडे टक लावून पाहते, तेव्हा दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे एक द्रव्य वाढते. जिव्हाळा निर्माण होण्यात त्याचा वाटा असतो. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली असे दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा त्या दोघांतही हेच द्रव्य वाढते. माणसाने लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे आढळले नाही. आपल्या आजीला हे नाव ठाऊक नव्हते. पण ‘मुकं जनावर डोळ्यांनी बोलतं’ हे तिला पक्के ठाऊक होते.

आपल्या परंपरेनेही कुत्र्याला मोठा मान दिला आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर तिला तूप लावून देण्यासाठी वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेवमहाराज आपल्या घराघरांत माहीत आहेत. महाभारतात धर्मराज स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचतो, पण सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जायला तयार होत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, ही कथा वर्गात सांगितली की मुले हमखास विचारतात, ‘मग त्या कुत्र्याचं काय झालं?’ हा प्रश्न आपण मोठ्या माणसांनीही स्वतःला विचारायला हवा.

कारण आता हिशेबाची दुसरी बाजू आली. लहानपणी आमच्या आळीत एक पिवळसर कुत्रा होता. तो एका घराचा नव्हता, सगळ्या आळीचा होता. आम्ही पोरे शाळेत निघालो की वेशीपर्यंत पोहोचवायला यायचा. एका उन्हाळ्यात तो दोन दिवस दिसेनासा झाला आणि तिसऱ्या दिवशी आला तो तोंडातून लाळ गाळत, दिसेल त्याच्यावर धावत. ‘पिसाळला, पिसाळला’ अशी हाकाटी झाली. मग ज्या हातांनी त्याला रोज भाकरी टाकली होती, त्याच हातांनी काठ्या उचलल्या. दुसरा इलाजही नव्हता. त्या रात्री आमच्या आजीने सवयीने चानकी थापली आणि ती तशीच परातीत राहिली. आज समजते, की एक सुई वेळेवर टोचली असती, तर तो वाचला असता. भाकरी आपण दिली. लस द्यायची राहिली.

कुत्रे पिसाळते म्हणजे काय होते, ते नीट समजून घेऊ. हा रेबीज नावाचा रोग आहे. सुश्रुतसंहितेतही अशा पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे. तेव्हा रोग नवा नाही. त्याचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात. चावल्याने किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने ते आपल्या शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकू लागतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरच, तर कधी वर्षाहून अधिक. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, पाणी पाहून घसा आवळू लागला, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी योग्य उपचार झाला, तर माणूस वाचतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून हा मार्ग मोकळा झाला आहे.

आणखी एक ध्यानात ठेवा. पिसाळलेले कुत्रे दर वेळी अंगावर धावतेच असे नाही. कधी ते गप्प पडून राहते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले असेल म्हणून माणूस भाबडेपणाने त्याच्या तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाईबैलांच्या बाबतीतही असेच होते. अशा वेळी हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

कुत्रा चावला तर काय करावे? पहिले काम, वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे, बरं का! या साध्या उपायाने पुष्कळसे विषाणू तिथल्या तिथे नाहीसे होतात. जखमेवर तिखट, चुना, हळद, तेल यांतले काहीही लावू नये. झाडपाला आणि मंत्र यांत वेळ दवडू नये. तडक आरोग्य केंद्र गाठावे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जुनी धास्ती आता मनातून काढून टाका. ती पद्धत आपल्या देशात केव्हाच बंद झाली आहे. आता मोजकीच इंजेक्शने दंडात देतात. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत. जखम रक्ताळलेली असेल, तर जखमेतच टोचायचे आणखी एक औषध असते, त्याविषयी डॉक्टरांना विचारा. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याला हा रोग नव्हता असे समजतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असे म्हणू नये. लस आधी, वाट पाहणे नंतर.

शिक्षकांना एक खास विनंती आहे. जगात या रोगाला बळी पडणाऱ्यांत शंभरातली सुमारे चाळीस पंधरा वर्षांखालची मुले असतात. मूल कुत्र्याच्या शेपटीशी खेळते, चावा बसतो, आणि घरी मार बसेल या भीतीने ते गप्प बसते. ते गप्प बसणेच घात करते. म्हणून वर्गात सांगा, ‘कुत्रा चावला, नुसतं खरचटलं, तरी मला सांगा. कोणी रागावणार नाही.’ आणि हेही शिकवा, की खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे.

आणि गावकऱ्यांनो, आपले काम त्याहून सोपे आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर हा रोग त्यांच्यात पसरू शकत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निष्कर्ष आहे. आळीचा कुत्रा कोणाच्याच मालकीचा नसतो, म्हणून त्याची लस कोणीच काढत नाही. तेव्हा हे काम ग्रामपंचायतीने आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने एक दिवस ठरवून मिळून करावे. २८ सप्टेंबर, पाश्चर यांचा स्मृतिदिन, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेतल्या मुलांनी आपापल्या आळीतली कुत्री मोजली, तरी निम्मे काम झाले.

श्रोतेहो, आपल्या वाटेकऱ्याने त्याची बाजू हजारो वर्षे पाळली आहे. आज संध्याकाळी चानकी टाकताना त्याच्या डोळ्यांत एकदा पाहा आणि स्वतःला विचारा, याला लस टोचली आहे का? नसेल, तर उद्या सकाळी दवाखान्याची वाट धरा.