बाळंतपणानंतर पुन्हा वर्दीत

परवा यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर एक पोलीस ताई भेटल्या. १८० दिवसांची रजा संपत आलेली, वर्दीची पँट कमरेत बसेना, म्हणून थेट पळायलाच आल्या होत्या.

आधी त्यांना उताणं झोपवून डोकं जरा उचलायला सांगितलं. बेंबीजवळ तीन बोटं सहज आत गेली. पोटाचे स्नायू अजून फाकलेलेच! अशात सिट-अप्स नकोत.

सुरुवात श्वासाचे व्यायाम, लघवी रोखतो ते स्नायू आवळणं आणि चालण्याने करा. पळणं साधारण १२ आठवड्यांनंतर. तेही लघवी गळत नसेल, खाली जड वाटत नसेल तरच. सिझर असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

उपाशी राहू नका. अंगावर पाजताना पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात.