हरणाऱ्यानं मैदानच बदललं

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राला 'कन्सोल' म्हणतात. या धंद्याची गंमत अशी, की यंत्र पुष्कळदा तोट्यात विकलं जातं आणि कमाई होते ती खेळांवर. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसंच काहीसं. म्हणूनच यंत्र घरोघरी पोचवण्यासाठी कंपन्या जिवाचं रान करतात.

२००५-०६ साली अशी चुरस तिघांत लागली. मायक्रोसॉफ्टनं घाई केली. 'एक्सबॉक्स ३६०' इतरांच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २००५मध्ये बाजारात आलं. पण यंत्रं इतकी बंद पडू लागली, की २००७मध्ये वॉरंटी वाढवून कंपनीला शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. सोनीचा भर तंत्रज्ञानावर. 'प्लेस्टेशन ३'मध्ये नवा 'सेल' प्रोसेसर, ब्लू-रे, आणि अमेरिकेतली किंमत ४९९ व ५९९ डॉलर! एवढं घेऊनही सुरुवातीला यंत्रामागे तोटाच होत होता.

निन्टेन्डोची स्थिती नाजूक होती. त्यांचं आधीचं 'गेमक्यूब' जेमतेम २ कोटी १७ लाख खपलं होतं. अध्यक्ष सातोरु इवाता हे मूळचे प्रोग्रामर. त्यांनी ताकदीची शर्यतच सोडली आणि जे कधी खेळतच नाहीत, अशा लोकांकडे मोर्चा वळवला. २००६च्या 'वी'मध्ये हाय डेफिनिशन चित्र नव्हतं; पण किंमत २५० डॉलर, आणि हातात रिमोटसारखी कांडी. ती फिरवली की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे. आजीलाही शिकवावं लागत नसे. चातुर्य कांडीपेक्षा गिऱ्हाईक बदलण्यात होतं, असं मला वाटतं.

'वी' १० कोटी १६ लाख खपलं. बाकीची दोन्ही साडेआठ कोटींच्या आसपास राहिली.

मग निन्टेन्डो जिंकली का? आकड्यांत, हो. पण टेनिसच्या हौसेनं आलेलं गिऱ्हाईक पुढचं यंत्र घ्यायला परतलंच नाही. तोवर त्याच्या खिशात स्मार्टफोन आला होता, हा माझा तर्क. २०१२चं 'वी यू' १ कोटी ३५ लाखांवरच अडलं. सोनी-मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा खेळाडू मात्र टिकून होता. २०१३मध्ये त्याच्यापुढे सोनीनं 'प्लेस्टेशन ४' ठेवलं ते ३९९ डॉलरला. या वेळी ४९९ डॉलर मागत होती मायक्रोसॉफ्ट.