चरातला काळा गाळ

नाक मुरडू नकोस, बाळा. पलूसच्या या काळ्या रानात पाणी तुंबतं, म्हणून हा चर खणलाय. खोऱ्यावर आलेला गाळ नीट बघ. वर तपकिरी साय आहे, खाली काळाकुट्ट चिखल, आणि वास सडक्या अंड्याचा. सायीला हवा मिळते, म्हणून तिथलं लोखंड गंजतं. खालचे जिवाणू प्राणवायूवाचून जगतात आणि गंधकाचा वायू सोडतात. तो लोखंडाशी जुळला की चिखल काळा पडतो. हवा कुठवर पोचली, ते नुसत्या रंगावरून कळलं ना?

समुद्राचा तळही असाच वाचतात. बागेला आपण सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणतो, तिच्यावर मॉलिब्डेनमचं नाव असतं. हा धातू समुद्राच्या पाण्यात विरघळलेला असतो. पाण्यात प्राणवायू आहे तोवर तो बहुतांशी पाण्यातच राहतो. प्राणवायू संपून हाच सडका वायू साचला, की हा धातू गाळात जाऊन बसतो. पुढं गाळाचा दगड झाला तरी तो तिथंच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडात तो भरपूर सापडला, की तो समुद्र गुदमरला होता असं समजतं. पण एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो. युरेनियम, लोखंड, गंधक, सगळ्यांची साक्ष काढावी लागते.

आपल्या कोयनेचं काही पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. त्या समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर आजही प्राणवायू जवळजवळ नाही. पावसाळी वारे खालचं सकस पाणी वर आणतात, शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि प्राणवायू खाऊन टाकतं. मग जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटवर जगतात. पाखरं गोड मणी आधी टिपतात, तसा ते हलका नायट्रोजन आधी उचलतात. उरलेला जड नायट्रोजन शेवाळात जातो आणि शेवाळाबरोबर तळाला बसतो. गाळाच्या थरांतला हा जडपणा मोजल्यावर 1995 साली दिसलं, की हिमयुगात अरबी समुद्रातली ही गुदमर बरीच कमी होती. तेव्हा आपला मॉन्सूनही दुबळा होता. म्हणजे त्या थरांत आपल्या पावसाचा इतिहासही आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता यातला मूठभर गाळ परातीत पातळ पसरून सावलीत ठेव. रोज सकाळी बघ, आणि काळा रंग कधी उडाला ते मला येऊन सांग.