गस्तीची पाळी किती तासांची?

विद्यार्थिमित्रांनो, रात्री दहा वाजता तुम्ही दिवा मालवून अंथरुणात शिरता. घराचे दार लावलेले असते, मन निर्धास्त असते. पण गावाचे दार कोण सांभाळते? चौकात गस्तीची गाडी फिरत असते. पहाटे चार वाजता कोठून मदतीची हाक आली, तर त्या गाडीतल्या माणसाला झटकन उठावे लागते, गाडी भरधाव हाकावी लागते आणि क्षणात योग्य निर्णय घ्यावा लागतो. त्या क्षणी तो खरोखर जागा असेल का? ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक!

वेळापत्रक आखणे म्हणजे नुसता भागाकार, असे तुम्हांला वाटेल. चला तर, कागद-पेन्सिल घ्या आणि आखून पाहा.

आठ माणसांचे कोडे

आपल्याकडे पोलीस दल सबंध राज्याचे एक असते. अमेरिकेत मात्र गावागावाचे पोलीस खाते निराळे असते आणि ते अगदी लहानही असते. तेथील सरकारी पाहणीनुसार २०१३ साली जवळजवळ निम्म्या स्थानिक पोलीस खात्यांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ पोलीस होते. माणसे इतकी थोडी की पाळी किती तासांची ठेवायची, हा तेथल्या प्रमुखाच्या डोक्याला कायमचा घोर असतो.

समजा, तुम्ही अशा एका लहान गावाचे पोलीसप्रमुख आहात. तुमच्याकडे गस्तीसाठी आठ माणसे आहेत. दिवस असो की रात्र, रस्त्यावर किमान दोघे हवेतच. कारण एकट्यावर प्रसंग ओढवला तर त्याच्या मदतीला कोण धावणार? तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

पहिला पर्याय ८ तासांच्या पाळीचा. दिवसाला तीन पाळ्या, प्रत्येकीत दोघे. म्हणजे आठवड्याला ३ × २ × ७ = ४२ पाळ्या भरायच्या. एक माणूस आठवड्यातून पाच दिवस येतो. आठ माणसे मिळून ४० पाळ्या भरतात. दोन पाळ्या कमी पडल्या!

दुसरा पर्याय १० तासांच्या पाळीचा. माणूस चार दिवस काम करतो आणि तीन दिवस सुट्टी घेतो. पण २४ ला १० ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून तीन पाळ्या ठेवाव्या लागतात आणि त्यांचे तास होतात ३०. सहा तास दोन पाळ्या एकमेकींवर येतात. हे तास अगदीच वाया जात नाहीत. सकाळी ६ ते दुपारी ४, दुपारी २ ते मध्यरात्री १२ आणि रात्री ९ ते सकाळी ७ अशा पाळ्या लावल्या, तर रात्री ९ ते १२ ह्या गडबडीच्या वेळी रस्त्यावर दुप्पट माणसे मिळतात. पण हिशेब पाहा. भरायच्या पाळ्या पुन्हा ४२ आणि आठ माणसे भरू शकतात फक्त ३२. म्हणजे दहा पाळ्या रिकाम्या!

आता तिसरा पर्याय, १२ तासांच्या पाळीचा. दिवसाला दोनच पाळ्या; म्हणजे आठवड्याला २ × २ × ७ = २८. माणूस दोन आठवड्यांत सात दिवस काम करतो, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेतीन पाळ्या. आठ माणसांच्या झाल्या २८. तंतोतंत जमले!

दोन-दोन-तीन

हे साडेतीन दिवस कसे मांडायचे, त्याचीही एक गंमत आहे. आठ जणांच्या क, ख, ग, घ अशा चार जोड्या करा. क आणि ख दिवसपाळीला, ग आणि घ रात्रपाळीला. आता ‘क’ जोडीचे चौदा दिवस असे लिहा : दोन दिवस काम, दोन सुट्टी, तीन काम, मग दोन सुट्टी, दोन काम, तीन सुट्टी. ‘ख’ जोडीला हेच चक्र द्या, पण तिचा आरंभ दुसऱ्या आठवड्यापासून करा. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या की दिसेल, क कामावर तेव्हा ख घरी आणि ख कामावर तेव्हा क घरी. एकही दिवस रिकामा नाही. चक्र सोमवारी सुरू केले, तर प्रत्येक जोडीला एक आठवडा सोडून शुक्रवार-शनिवार-रविवार अशी सलग सुट्टी मिळते. चौदा दिवसांत काम भरते ८४ तास. अमेरिकेच्या कामगार कायद्यानुसार पोलिसांच्या खात्याला १४ दिवसांत ८६ तासांपर्यंत जादा कामाचा दर न देण्याची सवलत घेता येते. वेळापत्रक त्यातही बसते. वर्षात निम्मे दिवस घरी राहायला मिळते, म्हणून अनेक पोलिसांनाही ते आवडते.

मग प्रश्न सुटला की! थांबा. आकड्यांनी होकार दिला, पण शरीराला विचारलेच नाही.

डोक्यातले घड्याळ

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची मेंदूच्या तळाशी फुली होते. तिच्या किंचित वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. हेच आपल्या शरीराचे मुख्य घड्याळ. हे घड्याळ पेशींत कसे चालते, ह्याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग ह्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घड्याळाच्या तालावर शरीराचे तापमान दिवसभरात चढते-उतरते. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असते आणि त्याच वेळी झोपेचा अंमल सर्वांत जास्त असतो. रात्रपाळीचा माणूस ह्या उतारावरच बसून गाडी चालवत असतो.

तुम्ही म्हणाल, त्याने दिवसा झोपून घ्यावे. पण दिवसा उजेड असतो, रस्त्यावर गोंगाट असतो आणि घड्याळ ‘आता ऊठ’ म्हणत असते. दिवसाची झोप बहुधा तोकडी आणि तुटक होते. शिवाय सुट्टीच्या दिवशी तो घरच्यांसारखाच दिवसा जागतो, म्हणून त्याचे घड्याळ कधीच पुरते उलटत नाही.

डुलकी तीनच सेकंदांची असली, तरी काय होते? गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते आणि चालक मात्र तेथे नसतोच!

प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतो?

८, १० आणि १२ ह्यांत उजवे कोण, हे नुसत्या तर्काने ठरत नाही. म्हणून अमेरिकेत डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन ह्या दोन शहरांत ‘पोलीस फाउंडेशन’ ह्या संस्थेने प्रयोग केला. २७५ पोलिसांनी त्यात भाग घेतला. कोणाला कोणती पाळी द्यायची, हे त्यांच्या आवडीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले. असे का बरे? आवडीने निवडू दिले असते, तर तरुण मंडळी एका गटात आणि वयस्क दुसऱ्या गटात जमली असती. मग फरक पाळीमुळे पडला की वयामुळे, हे कळलेच नसते.

सहा महिन्यांनी मोजमापे घेतली. त्यांचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. नेमबाजी आणि वाहन चालवण्याच्या कृत्रिम चाचण्यांत तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र १० तासांच्या गटाला ८ तासांच्या गटापेक्षा रोज अर्ध्या तासाहून अधिक झोप मिळत होती, त्यांचे समाधान जास्त होते आणि त्यांचे जादा काम बरेच कमी भरत होते. १२ तासांच्या गटाने मात्र कामावर अधिक पेंग येत असल्याचे आणि सतर्कता कमी वाटत असल्याचे सांगितले.

पाहा कशी अडचण झाली! प्रयोगाचा कौल दहाला आणि आपल्या आठ माणसांचा हिशेब बाराला. डेट्रॉइटसारख्या मोठ्या शहराला दहा परवडतात. लहान गावाकडे तेवढी माणसेच नाहीत.

हिशेबात राहून गेलेला आकडा

आपला बाराचा हिशेब पुन्हा तपासू. वर्षाला भरायच्या पाळ्या २ × २ × ३६५ = १४६०. आठ माणसे वर्षाकाठी प्रत्येकी १८२.५ पाळ्या भरतात, एकूण १४६०. बरोबर जुळते. पण केव्हा? कोणी आजारी पडले नाही, कोणी रजा घेतली नाही, कोणी प्रशिक्षणाला गेले नाही तरच! समजा, ह्या कारणांनी प्रत्येकाच्या वर्षाला ३० पाळ्या बुडतात. म्हणजे २४० पाळ्या रिकाम्या. त्या कोण भरणार?

बहुधा उरलेलेच भरतात. दिवसपाळीचा माणूस चार तास जास्त थांबतो आणि बाराचे सोळा होतात. आता त्याचा दिवस मोजा. तो पहाटे पाचला उठला, सहाला कामावर आला, रात्री दहाला सुटला. म्हणजे सुटताना तो सलग १७ तास जागा आहे. हा १७ चा आकडा लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड ह्यांनी ४० जणांवर केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळे ह्यांचा मेळ, त्याच्या रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना जेवढा बिघडेल तेवढाच बिघडला होता. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, असे हे प्रमाण होते. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्याला कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! त्या पोलिसाने मद्याचा थेंबही घेतलेला नाही आणि तरीही तो गाडी काढून घरी निघाला आहे.

म्हणजे खरा धोका बारा तासांत जेवढा आहे, त्याहून अधिक बारांचे सोळा होण्यात आहे. म्हणून लहान गावाच्या प्रमुखाने वेळापत्रक निवडताना आधी राखीव माणसे मोजावीत. रजा वजा जाता एक माणूस १५२.५ पाळ्या भरतो. २४० ला तेवढ्याने भागले की येते सुमारे दीड. म्हणजे आणखी दोन माणसे हवीत. ती मिळणार नसतील, तर सलग तासांची पक्की मर्यादा घालावी, न्यायालयातील साक्षीच्या तारखा कामाच्या दिवशीच मागून घ्याव्यात आणि शेजारच्या गावाशी मदतीचा करार करावा.

पाळ्या बदलत ठेवायच्या असतील, तर दिशाही महत्त्वाची असते. आपले आतले घड्याळ २४ तासांहून किंचित मंद चालते, म्हणून उशिरा झोपणे सोपे आणि लवकर झोपणे अवघड जाते. अमेरिकेत यूटा राज्यातील एका कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने बदलत. त्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुढच्या दिशेने आणि तीन आठवड्यांनी बदलू लागल्यावर कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढले, असे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

मुंबईतही हेच कोडे

हाच हिशेब मुंबईतही मांडला गेला. तेथील पोलीस ठाण्यांत १२ तासांची पाळी रूढ होती. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात ८ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. विशेष म्हणजे ही योजना त्याच ठाण्यातील एका पोलीस कर्मचाऱ्याने सुचवली होती. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर ह्यांनी ती उचलून धरली आणि जानेवारी २०१८ पासून शहरातील सर्व ठाण्यांत ती लागू करण्यात आली. अशा बदलाला किती माणसे लागतात? आठवड्यातून सहा दिवस काम धरा. एका जागेचे १६८ तास भरायला ७२ तास काम करणारी २.३३ माणसे लागतात, तर ४८ तास काम करणारी ३.५, म्हणजे दीडपट. झोपेची किंमत माणसांतच मोजावी लागते, ती अशी.

तुम्हीही करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि बोट न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. १५ सेंटिमीटरवर पकडली, तर तुम्हांला सुमारे ०.१७ सेकंद लागले. २० वर पकडली, तर ०.२० सेकंद. सकाळी दहा वेळा आणि रात्री डोळे मिटू लागले असताना दहा वेळा करून सरासरी काढा. दोन आकड्यांतला फरक तुमच्याशी बोलेल.

आणि एक. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी पोलीस, परिचारिका किंवा पहारेकरी रात्रपाळी करून सकाळी परतत असतील, तर त्यांच्या झोपेच्या वेळी दूरदर्शन संचाचा आवाज लहान ठेवा. गावाच्या रात्रीच्या सुरक्षिततेत तेवढा वाटा तुम्हीही उचलू शकता.