पावरीतली माहिती, धडगावातून

सातपुड्यात सरकारी सूचना प्रमाण मराठीत पोचते. घरात बोलणं पावरीत, भिलोरीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या ‘आदिवासी जनजागृती’ या तरुणांच्या गटाने म्हणूनच मोबाइल हाती घेतला. करोनाकाळात लशीविषयी अफवा उठल्या, तेव्हा लोकांच्याच भाषेतल्या त्यांच्या व्हिडिओंनी शंकांना उत्तरं दिली. हे मोलाचं काम आहे.

अफवेने काय होतं, ते शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिलं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. अशा अफवा पसरू नयेत म्हणून त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी ५ ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

व्हॉट्सॲपवरच्या संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो निदान ५ जणांकडून फिरत आलेला असतो. पाठवणारा ओळखीचा असला, तरी मजकूर त्याचा नसतो. त्यात गाव, तारीख आहे का बघा. लशीचं आशाताईंना विचारा, मुलं पळवल्याचं पोलीस पाटलांना. आणि तोवर पुढे पाठवू नका.