चाळीसगावचं टेबल

घरच्या घरी, फोटोच्या साध्या कॅमेऱ्यावर स्टॉप-मोशन फिल्म कशी करतात ते खान्देशात शोधा, असं संपादकांनी सांगितलं. शोधाचा धागा मला थेट चाळीसगावला घेऊन गेला, आणि तोही एका अशा माणसाकडे, जो चित्रपटवाला नव्हताच. केकी मूस छायाचित्रकार होते.

त्यांची जीवनकथा लवकर सांगून होते. १९१२ साली पारशी कुटुंबात जन्म, इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण, तीसच्या दशकाच्या अखेरीस परत, आणि मग ३१ डिसेंबर १९८९ला निधन होईपर्यंत चाळीसगाव स्टेशनजवळचं घर. एवढ्या काळात ते उंबऱ्याबाहेर पडले ते फार तर दोनदा, असं सांगतात. पंजाब मेलने येणार असलेल्या प्रेयसीची त्यांनी जन्मभर वाट पाहिली, असंही सांगतात. मूस यांच्यावरचे बहुतेक लेख या कथेपाशीच रेंगाळतात. मला ओढ लागली ती त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांची.

या प्रकारात अख्खा देखावा टेबलावर उभा राहतो. वीतभर वस्तू मांडायच्या आणि भिंगाला त्या डोंगर, वाट, झोपडी म्हणून पटवून द्यायच्या. कापसाचा ढग, काचेचं तळं. कॅमेरा खाली, त्या इवल्या जगातल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा लागतो. वरून पाहिलं की खेळणी ती खेळणीच दिसतात. सावली एकाच बाजूला पडली पाहिजे, कारण सूर्य एकच असतो. जवळून फोटो घेताना पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं, म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं आणि प्रकाश आत यायला भरपूर वेळ द्यायचा. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवलेल्या माणसाने सबंध निसर्ग घरात, टेबलावर रचावा, याने मी आजही थक्क होतो.

स्टॉप-मोशनला हेच टेबल लागतं. फरक इतकाच, की फोटो काढल्यावर देखाव्यातला, समजा, एखादा बैल केसभर पुढे सरकवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. एक फोटो दोन चौकटींना पुरवला तरी सेकंदाला १२, मिनिटाला ७२० फोटो होतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज एकेक चौकट घेत महिनाभराहून अधिक काळ टिपली होती. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याही हलवल्या. आणि २००५चा ‘कॉर्प्स ब्राइड’ हा बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट फोटोच्याच डिजिटल कॅमेऱ्यांवर घेतला गेला. कॅमेरे कॅननचे होते, भिंगं निकॉनची.

या भिंगांपाशी मी अडकलो. आजच्या भिंगाचं छिद्र एरवी पूर्ण उघडं असतं. बटण दाबलं की पाती मिटून ठरल्या मापावर येतात, फोटो झाला की परत उघडतात. पण दर वेळी नेमकी तेवढीच मिटत नाहीत. एका फोटोत हा फरक कळतही नाही. सातशे फोटो एकापाठोपाठ धावले की चित्र लुकलुकायला लागतं. जुन्या भिंगावर छिद्राचं कडं हाताने फिरवायचं असतं. अडॅप्टर लावून ते दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसवलं, की पाती ठेवली तिथेच राहतात. कॅननवाले आणखी एक युक्ती करतात: छिद्र मिटवून पाहण्याचं बटण दाबून धरायचं आणि भिंग किंचित फिरवून सैल करायचं. विजेचा संपर्क तुटतो आणि पाती तशीच मिटलेली राहतात. मात्र भिंग निसटून खाली पडू नये म्हणून जपावं लागतं.

लुकलुक तेवढ्याने थांबली तर नशीब. कॅमेऱ्यातलं ‘ऑटो’ असेल ते सगळं बंद करायला हवं, रंगाचा तोलसुद्धा. खिडकीतलं ऊन तासाभरात सरकतं, म्हणून जाड पडदे लागतात. पांढरा सदरा घालून टेबलाशी वाकलं की देखावा उजळतो, म्हणून काळे कपडे. विजेचा दाब खालीवर झाला की साधा बल्ब पिवळा पडतो. वीज मधेच गेली तर दृश्य अर्धवट राहतं, आणि ती परत येईपर्यंत अंधारात बैलाला कुणाचा धक्का लागायला नको.

खान्देशातली खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो. पंखा लावला तर कापसाचा ढग हलतो, बंद ठेवला तर तारेवर चढवलेलं प्लॅस्टिसिन मऊ पडून बैलाची मान झुकते. मातीचा बैल करावा, तर आपली काळी माती वाळताना आकसते आणि तडकते; दृश्याच्या सुरुवातीचा बैल शेवटी लहान झालेला दिसतो. शिवाय वाळल्या मातीचे पाय वाकत नाहीत, म्हणजे चालीच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा बैल करून, आधी पुरता वाळवून, मग आळीपाळीने ठेवायचा. म्हणून ज्याला इथे हे करायचंय त्याने दिवाळी ते शिमगा हे दिवस धरावेत, आणि तेही रात्री, घरातली जेवणं उरकल्यावर.